आमची वाटचाल : पावणेदोन सेकंदांचा फरक

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत खरड छाटणी उरकल्यावर आम्ही पहिले 12 नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले छोटे डबे, लावले. पान किती वेळ ओलं राहतं, तापमान किती, हे मोजून रेडिओने शेडमधल्या गेटवेला (सगळ्या नोडची माहिती गोळा करणाऱ्या यंत्राला) कळवायचं, म्हणजे डाउनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची फवारणी कधी घ्यायची याचा अंदाज येतो. बॅटरी वर्षभर जाईल असा शब्द मी बागायतदारांना दिला होता. ती अडीच महिन्यांत संपली. पावसात ओळीओळीने फिरून बारा डबे मीच उघडले, आणि तो शब्द आजही मनाला लागून आहे.

चूक सेन्सरची नव्हती, घड्याळाची होती. झोपलेला नोड जेमतेम काही मायक्रोअँपियर खातो, पण रेडिओ ऐकत बसला की 20 मिलिअँपियर. म्हणून नोड आणि गेटवे एकाच क्षणी जागे व्हायला हवेत. दोघांकडे वेळ मोजायला 32.768 किलोहर्ट्झचं क्रिस्टल, म्हणजे मनगटी घड्याळातलंच. त्याची चूक दहा लाखांत 20, दिवसाला पावणेदोन सेकंद. एक पुढे आणि दुसरं मागे गेलं तर दुप्पट. आम्ही वेळ दिवसातून दोनदाच जुळवायचो, त्यामुळे हुकायला नको म्हणून नोड दर मिनिटाला चार सेकंद ऐकत राहायचे. बॅटरी त्यातच गेली.

त्यातही भर दुपारी काही नोड गायब व्हायचे. हे क्रिस्टल 25 अंशांना नेमकं चालतं. त्याहून गरम झालं तरी मागे पडतं, गार झालं तरी मागेच. उन्हात डब्याच्या आत 55 अंश झाले की दहा लाखांत आणखी 30 भागांची घट. हे आम्ही आईच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी नोड ठेवून आणि नंतर उबवणी यंत्रात घालून तपासलं. आईने आठवडाभर तो कप्पा आमच्यासाठी मोकळा ठेवला होता.

वाट दाखवली ती व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2004 सालच्या एफटीएसपी या वेळ जुळवण्याच्या पद्धतीने. संदेश तयार करताना वेळेचा शिक्का मारला तर तो रांगेत किती थांबेल याचा भरवसा नसतो. म्हणून शिक्का बाइट रेडिओतून बाहेर पडतानाच मारायचा. शिवाय मागच्या आठ नोंदींवरून समोरचं घड्याळ किती वेगाने सरकतंय ते काढायचं. आम्ही त्यात तापमानाची दुरुस्ती जोडली. वेळ पाठवायला वेगळा संदेशही लागत नाही, गेटवेच्या नेहमीच्या पोचपावतीतच ती जाते. चार सेकंदांचं ऐकणं 12 मिलिसेकंदांवर आलं. बागायतदाराला मिलिसेकंदांशी काही देणंघेणं नाही, पण त्याची बॅटरी त्यांच्यावरच टिकते.

पुढे अंबडच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि पहिली मोठी ऑर्डर 200 नोडची आली. सगळेच्या सगळे दिवसाला सहा सेकंदांच्या आसपास मागे! सुटे सुटे चुकले असते तर समजलं असतं. सगळे एकाच बाजूला म्हटल्यावर मी मालाची पुडी पाहिली. पुरवठादाराने 12.5 पिकोफॅरडच्या कपॅसिटर-भारावर नेमकं चालणाऱ्या क्रिस्टलऐवजी 7 वर चालणारं दिलं होतं आणि बोर्डावरचे कपॅसिटर जुन्याच हिशेबाचे, म्हणजे भार जास्त होऊन घड्याळ मागे. 400 कपॅसिटर आम्ही चौघांनी तीन रात्रींत हाताने बदलले. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक लॉटमधले पाच नग बोर्डावर चढवून, रात्रभर चालवून, सकाळी मी स्वतः त्यांची वेळ पाहते. मगच सोल्डरिंग सुरू होतं.