पद्मिनी, नोंद ७: लाल दिवा आणि न टाकता वाढलेलं ऑइल

इंजिन गरम होऊन आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) आलं की ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी, १०८९ सीसी. वयाच्या मानाने चालायचंच, म्हणून मी दोन महिने तशीच चालवली. मूर्खपणा. तो दिवा साधारण अर्ध्या बारच्या (सात पीएसआयच्या) खाली ऑइलचं प्रेशर गेल्यावर लागतो, म्हणजे पार गळ्याशी आल्यावर.

आमच्या मिस्त्रींचं निदान बॉनेट उघडायच्या आतच तयार होतं. "बेअरिंगं गेली साहेब, इंजिन उतरवू." म्हटलं, आधी मोजू. प्रेशर स्विच काढून तिथे काट्याचं गेज लावलं. थंड इंजिनला ५० पीएसआय. वीस मिनिटं फिरवून आणली, तर आयडलिंगला ६. रेस दिली की १८ वर जाऊन काटा थरथरायला लागतो.

थंड असताना ५० मिळतंय, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) उघडा अडकलेला नाही. तसं असतं तर तेव्हाही काटा चढला नसता. मग एक तर ऑइल पातळ झालंय, नाहीतर बेअरिंगची फट वाढलीय.

डिपस्टिक ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! महिनाभरात मी थेंबही टाकला नव्हता. बोटावर घेऊन हुंगलं: पेट्रोल. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटला होता आणि पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरत होतं. पातळी कमी झाली की आपण घाबरतो, वाढलेली पाहून मात्र खूश होतो.

नवा डायफ्राम, ताजं २०डब्ल्यू-५० ऑइल. गरम आयडलिंगला १३, दिवा गप्प. पण रेस दिल्यावरची थरथर जाईना, म्हणजे ऑइल पंपाला ऑइल ओढायला अडथळा. चेंबर उतरवण्यात अख्खा रविवार गेला. ऑइल पंपाच्या जाळीवर काळा चिकट गाळ आणि त्यात निळ्या सिलिकॉनच्या शेवया. पूर्वी कुणीतरी गॅस्केटवर ट्यूबभर थापलेलं, जास्तीचं आत तुटून पडलेलं.

चेंबर उघडंच आहे म्हणून एक बिग एंडची (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली) कॅप खोलली. शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याचा) राखाडी थर जाऊन मधोमध तांबूस पट्टा दिसतोय. प्लास्टिगेजने (फट मोजायची मऊ प्लास्टिकची तार) फट ०.०९ मिमी, म्हणजे जास्तच; बेअरिंगंही झिजलीत. म्हणजे ते १३ जाड ऑइलचं कौतुक होतं.

शेल मागवलेत. ते येईपर्यंत क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून ठेवतो. मिस्त्रींना अजून काही बोललेलो नाही.