आमची वाटचाल : तांब्यातलं पाणी

फोंड्यात आम्ही दोघा भावांनी फॉल्स सीलिंग आणि जिप्सम पार्टिशनच्या कामांवर धंदा उभा केला. ‘साउंडप्रूफ करून द्या’ म्हटलं की भिंतीला फोम चिकटवायचा, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. खोलीतला घुमारा कमी व्हायचा, शेजाऱ्याला आवाज मात्र तेवढाच जायचा. फोम आवाज शोषतो, अडवत नाही. अडवायला वजन लागतं, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी पदरात जेमतेम ५-६ डेसिबल पडतात. आपल्या जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या जाड भिंतींचं मोल मला तेव्हा कळलं.

खरी परीक्षा पहिल्या मजल्यावरच्या कथक वर्गात झाली. खालच्या आजींनी मला देवघरात नेलं. वर ततकार सुरू होता आणि देवापुढच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. “तूच बघ रे बाबा,” एवढंच त्या म्हणाल्या. पायांचा दणका थेट स्लॅबमध्ये उतरतो, तिथून भिंतींत जातो. त्याला फोम काय करणार!

मग तरंगती जमीन, म्हणजे स्लॅबला आणि भिंतींना थेट न टेकणारी जमीन, करायचं ठरलं. स्लॅबवर दाट रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), त्यावर प्लॅस्टिक, त्यावर जाळी टाकून ७५ मिलिमीटर काँक्रीट आणि भिंतीलगत चारी बाजूंनी मऊ पट्टी. एवढ्या काँक्रीटचा भार चौरस मीटरला १८० किलो, म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी घेतली. काम झालं, तरी एका बाजूने दणका येतच राहिला. दोन दिवस भिंतीला कान लावून शोधलं. एका कोपऱ्यात पट्टी सरकली होती आणि तळहाताएवढं काँक्रीट भिंतीला चिकटलं होतं. तेवढं कापून काढलं. आजींच्या तांब्यातलं पाणी स्थिर झालं. आता काँक्रीट ओतण्याआधी माझा भाऊ स्वतः बसून पूर्ण कड हाताने चाचपतो. हे काम आम्ही गवंड्यावर सोडत नाही.

पुढे किनाऱ्याकडच्या हॉटेलांची कामं आली. दोन खोल्यांमध्ये दुहेरी पार्टिशन, मध्ये रॉकवूल, दोन्हीकडचे सांगाडे एकमेकांना न लागणारे. तिथे घात व्हायचा तो पाठीला पाठ लावलेल्या स्विचबोर्डांनी. भिंतीत १ टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या पलीकडे रोखत नाही. निवासी भागात रात्री १० नंतर बाहेरची मर्यादाच ४५ डेसिबलची आहे, हे ध्यानात घेतलं की फटीची किंमत कळते.

सध्या मडगावात घुमट-आरतीच्या सरावाची खोली करतोय. घुमट म्हणजे आपलं गोव्याचं मातीचं चर्मवाद्य. घुमटाचा खर्ज अडवायला सगळ्यात अवघड. भिंती झाल्या, दार राहिलंय. त्याला उंबरा नको, पाय अडखळतो, असं मंडळींचं म्हणणं. उंबऱ्याशिवाय खालची फट पक्की बंद करणं अवघड म्हणून मी अडून बसलोय. रविवारी पुन्हा जाणार आहे, नमुन्याचा उंबरा सोबत घेऊन.