पावसाळा, हेल्मेट आणि कोंडा

आज शेवटी रत्नागिरीत स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जूनपासून डोकं नुसतं खाजतंय, काळ्या ड्रेसवर खांद्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं, आणि आईचं आपलं एकच, केस कोरडे पडलेत, रात्री खोबरेल चोळून झोप. मी दीड महिना इमानेइतबारे चोळलं, कोंडा वाढतच गेला.

डॉक्टर म्हणाले हा कोरडेपणा नाहीच, मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि तिथल्याच तेलावर जगते, त्यात आपल्याकडची ही दमट हवा आणि घाम म्हणजे तिची चंगळ, वर मी रोज रात्री तिला जेवायला वाढत होते 😂 आता २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू दिलाय, आठवड्यातून दोनदा, लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचा मग धुवायचा. मी आजवर फेस आला की लगेच तांब्या ओतायचे.

आणि ओले केस बांधायचे नाहीत म्हणे! अहो, इथे चार दिवस टॉवेल वाळत नाही, केस कुठून वाळणार, सकाळी आठची गाडी असते. त्यात हेल्मेटचं आतलं कापड कायम ओलसर, ते काढून धुता येतं हे मला आज कळलं. धुतलंय, पडवीत दोरीवर लटकतंय, गणपतीपर्यंत वाळेल बहुतेक.

आईला अजून सांगितलं नाहीये, खोबरेलची बाटली उशाशी आणून ठेवलीय तिने.