तुम्ही विचारलंत म्हणून : रॉकमध्ये ‘आर्ट’ ते कोणते?

सांगलीत गाण्याच्या गप्पांमध्ये मी आर्ट रॉकचे नाव काढले की हमखास प्रश्न येतो : रॉक म्हणजे रॉक, त्यात ‘आर्ट’ वेगळे ते काय, आणि ही वर्गवारी हवी तरी कशाला?

उत्तर ब्रिटनमधल्या कलाशाळांपासून सुरू होते. ‘बीटल्स’चा जॉन लेनन लिव्हरपूलच्या कलामहाविद्यालयात होता. ‘रॉक्सी म्युझिक’ या बँडचा ब्रायन फेरी न्यूकॅसलला चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांच्या हाताखाली शिकला आणि त्याच बँडमधला ब्रायन ईनोही कलाशाळेतलाच. चित्रात कोणतीही वस्तू चिकटवता येते हे पाहिलेली ही मंडळी स्टुडिओत शिरली, तेव्हा टेप कापणे, ती उलटी वाजवणे, आवाजांचे थर चढवणे हीच त्यांची रचनेची साधने झाली आणि रेकॉर्ड हीच मूळ कलाकृती ठरली. ईनो तर स्वतःला वादक म्हणवतच नसे. तयारीच्या वादनावर भिस्त असलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉकपासून मी आर्ट रॉक वेगळे काढतो ते इथेच, जरी अनेक जण दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडचा पहिला अल्बम १९६७ चा, मुखपृष्ठावरचे केळे चित्रकार अँडी वॉरहॉलचे. त्यात बँडमधला जॉन केल व्हायोलावर (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) एकच स्वर लांबवत राहतो. हे वळण त्याला ला माँट यंग या संगीतकाराच्या गटात लागले. यंग हिंदुस्थानी संगीताने भारावलेला होता आणि पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराणा म्हटल्यावर इकडे मिरजेचे अब्दुल करीम खाँ आठवणारच. त्यामुळे आपल्याकडच्या जाणकारांना अखंड स्वराची कल्पना समजावून द्यावी लागत नाही. गिटारचा गोंगाट मात्र त्यांना सोसावा लागतो.

वर्गवारीचा उपयोग एवढाच, की काय आणि कसे ऐकायचे याचा अंदाज येतो. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधले एखादे गाणे फोनवर सुटे ऐकले, तर एका गाण्यातून दुसऱ्यात उतरण्याची त्यातली सगळी योजना वाया जाते. केवळ प्रौढीसाठी, ‘आमचे रॉक उच्च दर्जाचे’ असे सुचवायला हे नाव वापरले जाते, तेव्हा ते मला निरर्थक वाटते.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी गायक डेव्हिड बोवीचा १९७७ चा ‘लो’ हा अल्बम सुचवतो. त्याच्या पहिल्या बाजूला छोटी गाणी आहेत, तर दुसरी बाजू बहुतांशी वाद्यसंगीताची आहे. ती दुसरी बाजू कंटाळवाणी वाटली, तर आर्ट रॉकच्या नादी लागू नये, असे मी स्पष्टच सांगतो.