हिशोब छापणारी बाई

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. त्यामुळे एन्गोझी ओकोन्जो-इवेला यांची हार्वर्ड, एमआयटी, जागतिक बँकेतली पंचवीस वर्षं वगैरे मी भराभर वाचलं आणि एका गोष्टीपाशी थांबले. २००३ साली नायजेरियाच्या अर्थमंत्री झाल्यावर त्यांनी कोणत्या राज्याला दरमहा किती पैसे गेले, ते चक्क वर्तमानपत्रांत छापायला लावलं! आमच्याकडे थकबाकीची यादी बोर्डावर लावली तरी लिफ्टमध्ये लोक ओळख दाखवत नाहीत.

तेलाचा भाव चढला की जादा कमाई बाजूला ठेवायची, हाही नियम त्यांच्याच काळातला. म्हणूनच २००५ मध्ये पॅरिस क्लबशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाशी, बोलायला बळ मिळालं: सुमारे ३० अब्ज डॉलरच्या कर्जातले १८ अब्ज माफ, उरलेले फेडले. २०२१ पासून त्या जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक आहेत. पहिली स्त्री, पहिली आफ्रिकन व्यक्ती. पण मला कठीण वाटतं ते २०१२. इंधन अनुदानातल्या भ्रष्टाचाराशी भांडण चालू असताना त्यांच्या ऐंशी पार केलेल्या आईला पळवून नेलं. मागणी काय, तर मुलीने राजीनामा द्यावा. आई सुटली. मुलगी २०१५ पर्यंत मंत्रिपदावरच होती.