स्पिटफायर स्टिक, भाग ७ : एक्स्टेन्शन झालं, नाक अजून डोलतंय

मंडळी, संगणकावरच्या विमानाच्या सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर उडवायला मी घरी स्टिक बनवतोय, तिची लांबी वाढवणारं एक्स्टेन्शन बसलं. वीस सेंटिमीटरचा पोलादी पाइप, अंबडच्या लेथवाल्याने दोन्ही टोकांना आटे पाडून दिलेला. "हे कशाला?" त्याने विचारलं. विमानाला, म्हटल्यावर पैसे कमी केले नाहीत, चहा मात्र पाजला.

रविवारी पहाटे सिममध्ये स्पिटफायर मार्क ९ घेऊन वर गेलो. ताशी ३०० मैलांच्या वेगात एका १०९ च्या (जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमानाच्या) शेपटीवर आलो, नेम धरायला स्टिक किंचित ओढली आणि नाक टुणकन वर. सोडली, खाली. पुन्हा ओढली, पुन्हा वर. १०९ निघून गेला, मी आपला शिडीवर चढउतार करत राहिलो. जे डोलणं थांबवायला चार महिने घातले, ते जिथल्या तिथे.

आधी छोट्या गोष्टी. ऑनलाइन मागवलेले हॉल सेन्सर (स्टिक किती हलली ते चुंबकावरून ओळखणारे) आले, पण मागवले होते ४९ई आणि पाकिटात निघाले ३१४४. दिसायला जुळे भाऊ, काम मात्र वेगळं: ४९ई लोहचुंबक जवळ येईल तसा व्होल्टेज हळूहळू बदलतो, ३१४४ हा निव्वळ चालू-बंद स्विच. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) एक तर पूर्ण वर, नाही तर पूर्ण खाली, हे पाहून सोल्डरिंगच बिघडलं समजलो आणि दोन रात्री घालवल्या. विकणाऱ्याचं उत्तर: "सर, सेम आयटम आहे." आता मेन रोडच्या दुकानातून, नंबर स्वतः भिंगाखाली वाचूनच घेतो.

पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेली स्पेड ग्रिप, म्हणजे स्पिटफायरच्या स्टिकची गोल मूठ, तीही गेली. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलो, संध्याकाळी पाहतो तर गोल कड्याची पळी झालेली. आता ॲल्युमिनियमची नळी वाकवून घेतली आहे आणि तिच्यावर सायकलचा ब्रेक लिव्हर बसवलाय, आत लिव्हर किती दाबला ते मोजणारा पोटेन्शियोमीटर. याचं मात्र मनापासून कौतुक करून घेतो. स्पिटफायरचे ब्रेक हवेचे, मुठीवरच्या लिव्हरने दाबायचे आणि डावं-उजवं पायाच्या रडर पेडलने वाटायचं. कीबोर्डच्या बटणाने हे करताना मी दर तिसऱ्या टॅक्सीत (जमिनीवरून विमान चालवताना) गिरकी खायचो. आता बोटाने हलकेच दाबत, नागमोडी जात, नाकापुढचं काही दिसत नसताना धावपट्टीपर्यंत पोचतो. परवा सलग अकरा वेळा पोचलो.

आता मूळ दुखणं.

पाइप लागल्यावर मूठ आसापासून तीस सेंटिमीटरवर आली, आधी दहावर होती. वीस अंश झुकवली की आधी साडेतीन सेंटिमीटर सरकायची, आता दहा. हेच हवं होतं. पण लिव्हर तिप्पट झाली की हाताला लागणारा जोर एक तृतीयांश होतो, हे शाळेतलं गणित मी विसरलो, आणि वर त्या ग्रिपचं वजन. स्टिक सोडली की तापातल्या माणसासारखी मान टाकायची. सातपूरला एका स्प्रिंगवाल्याकडून १.६ ऐवजी २ मिमी तारेच्या स्प्रिंगा करून घेतल्या. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे एवढ्यानेच जवळपास अडीचपट. मान टाकणं थांबलं, डोलणं नाही.

मग कर्व्ह, म्हणजे स्टिक किती हलली की विमानाने किती ऐकायचं ते ठरवणारं सिममधलं सेटिंग. मधल्या भागात नरम करायला २५ टाकला, ३० टाकला. पण ट्रिम (स्टिक धरून न ठेवता विमान सरळ उडावं म्हणून केलेली जुळवणी) बदलला की हात मधल्या नरम भागात राहतच नाही, कडेच्या तिखट भागात जातो. खऱ्या विमानात ट्रिम फिरवला की स्टिकची विश्रांतीची जागाच सरकते, आमची स्प्रिंग मात्र कायम मध्यावर ओढते. कर्व्ह म्हणजे दुखतंय पायात आणि बाम कपाळाला. काढून टाकला.

भाग ३ मध्ये मी ठासून लिहिलं होतं की सिमचं फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान कसं उडतं त्याचं गणितच बंडल आहे, खरी स्पिटफायर एवढी चंचल असणं शक्य नाही. ते मागे घेतो. अमेरिकेच्या एनएसीए (नाका) या विमान-संशोधन संस्थेने १९४२ मध्ये स्पिटफायर ५ ए मोजून काढली होती. क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासाच्या वेगाला, ट्रिम केलेल्या विमानात स्टॉलपर्यंत (पंखांची उचल तुटेपर्यंत) जायला स्टिक फक्त पाऊण इंच मागे घ्यावी लागत होती. पाऊण इंच! माझ्या जुन्या छोट्या स्टिकवर हिशेब केला तर चार-पाच मिलिमीटर. म्हणजे विमान खरोखरच नखऱ्याचं. पुढे मार्क ५ मध्ये एलिव्हेटरच्या यंत्रणेत वजन जोडलं गेलं, ते जी (नाक ओढताना वजन किती पट जाणवतं ते) वाढला की वैमानिकाच्या हाताविरुद्ध ओढायचं. पण मग त्या काळची मुलं नेम धरत कशी होती?

उत्तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी दिलं, तेही प्रश्नातून. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत, मिग-२१ च्या कंट्रोल सिस्टिमवर उभं आयुष्य गेलं. २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिगला निरोप दिला तेव्हा दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. ते खुर्चीत बसले, स्टिक दोनदा हलवली आणि म्हणाले, "अरे, ही तर मिगची झाली. स्पिटफायरला बूस्टर कुठे होता?"

मला कळेना. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मिगमध्ये शेपटीचा स्टॅबिलेटर (एलिव्हेटरच्या जागी अख्खी फिरणारी फळी) हायड्रॉलिक बूस्टर फिरवतो, हवेचा जोर वैमानिकाच्या हाताला पोचतच नाही. म्हणून हाताला काही तरी लागावं म्हणून स्प्रिंग लावलेली, आणि एआरयू नावाचं यंत्र वेग आणि उंची पाहून लिव्हरची लांबी बदलतं. हळू असताना स्टिकला जास्त स्टॅबिलेटर मिळतो, वेगात कमी. स्पिटफायरमध्ये एलिव्हेटर आणि हात यांच्यामध्ये नुसत्या तारा. हवा ढकलते, हाताला कळतं.

म्हणजे असं बघा. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच जी साठी स्टिक साधारण चौथाईच हलवावी लागते. पण हवेचा दाबही चौपट झालेला असतो, त्यामुळे खऱ्या वैमानिकाच्या हाताला जवळपास तेवढाच जोर लागतो. माझी स्प्रिंग वेग ओळखत नाही. स्टिक चौथाई हलली, तर विरोधही चौथाई. मी अंतरावरून नेम धरत होतो, ते धरत होते जोरावरून.

पहिला विचार आला फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटरने स्टिकला विरोध द्यायचा. दुसऱ्याच दिवशी अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडून वायपरच्या दोन मोटरी आणल्या. घरी येऊन शाफ्ट हाताने फिरवायला गेलो आणि कपाळाला हात लावला. आत वर्म गिअर! मोटर शाफ्ट फिरवते, शाफ्टने मोटर फिरत नाही. अशा मोटरीवर स्टिक म्हणजे भिंतीत पुरलेला खुंटा. दोनशे रुपये गेले, मोटरी पडल्यात. कुणाला हव्यात का?

हे लिहिता लिहिता काकांचा कागद पुन्हा समोर आला आणि डोक्यात दिवा लागला. एआरयूच उलटं वापरायचं. स्प्रिंग जिथे अडकते तो बिंदूच आसापासून लांब-जवळ करायचा! अंतर दुप्पट केलं की ताठपणा चौपट, कारण स्प्रिंग ताणलीही दुप्पट जाते आणि तिचा हातही दुप्पट.

राहवलं नाही. लिहिणं थांबवून ड्रिल काढलं, पट्टीला २०, ३० आणि ४० मिमीवर तीन भोकं पाडली. ४० वर स्प्रिंग अडकवून वर गेलो, पुन्हा ३०० मैल, पुन्हा १०९. ओढली. नाक आलं आणि थांबलं. थांबलं! मी दाब धरून ठेवला, नाक आरशासारखं स्थिर. दोन फैरींत १०९ चा रेडिएटर फुटला. उतरताना मात्र त्याच स्प्रिंगेने घाम काढला. ९० मैलांवर फ्लेअर करायला (टेकण्याआधी नाक उचलायला) दोन्ही हात लागले आणि तीन उड्या मारत उतरलो.

तेव्हा भाग ८ ची योजना बदलली. लाकडी कॉकपिट राहू दे तूर्तास. सिममधून वेग बाहेर काढायचा, आर्डुइनोला (छोट्या कंट्रोलर बोर्डाला) द्यायचा आणि सर्व्होने (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या मोटरने) स्प्रिंगेचा बिंदू सरकवायचा. दुसरा सर्व्हो ट्रिमला, म्हणजे स्टिकची विश्रांतीची जागाही सरकेल. १०९ चा एलिव्हेटर वेगात दगड होतो, तेही कोडमध्ये वेगळा तक्ता टाकून जमेल बहुतेक.

मेटल गिअरचा ३५ किलो जोराचा सर्व्हो कुणी वापरलाय का? जोराबद्दल नाही विचारत. रात्री अकरानंतर किती किरकिरतो ते सांगा, पलीकडच्या खोलीत आई झोपते.