आमची वाटचाल : ठाण्याच्या चरईतली गिरणी आणि घराघरातला फराळ

दसरा झाला की दिवाळीला वीस दिवस उरतात आणि आमच्या गिरणीचं अख्खं वर्ष त्या वीस दिवसांवर उभं असतं. गहू काय बारा महिने येतो, पण चकलीची भाजणी, अनारशाचा तांदूळ, लाडवाची डाळ हे सगळं याच दिवसांत, आणि डबे असे लागतात की आमच्या पायरीपासून शेजारच्या टेलरच्या दारापर्यंत रांग जाते, माणसांची नाही, डब्यांची, माणसं डबा ठेवून जांभळी नाक्याला जाऊन येतात. बरेच जण विचारतात की घरघंटी आली, पॅकेटमधलं पीठ आलं, तयार फराळ तर गल्लोगल्ली मिळतो, मग गिरणीत येतं तरी कोण? त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढायचं मनात होतं, म्हणून हे सगळं.

गिरणी माझ्या सासऱ्यांनी टाकली, १९८० च्या दशकात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मूळचे जुन्नरकडचे, ठाण्यात नोकरीला आले, नोकरी काही टिकली नाही आणि मग चरईत हा गाळा भाड्याने घेतला. तेव्हा आजूबाजूला वाडे आणि दोन मजली चाळी, घरटी माणसं भरपूर, धान्य वर्षाचं नाहीतर महिन्याचं भरायची पद्धत, त्यामुळे एका जात्यावर सुद्धा चांगलं भागायचं. वागळे इस्टेटच्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी पुरुष मंडळी डबे घेऊन यायची आणि इतर दिवशी बायका, असं अण्णा सांगतात. पुढे २००५ नंतर काही वर्षं भारनियमनाने फार छळलं, ऐन दिवाळीत लाईट गेली की दळण रात्री करायचं आणि सकाळी शाळेच्या आधी डबे पोचवायचे.

मी लग्न होऊन डोंबिवलीहून इथे आले तेव्हा मला दळण म्हणजे धान्य वरून टाकलं की खालून पीठ येतं एवढंच माहीत होतं. खरं काम जात्यापेक्षा क्रमाचं असतं हे इथे आल्यावर कळलं. गव्हावर गहू, तांदळावर तांदूळ, ज्वारीवर ज्वारी. कारण जात्यात आधीच्या दळणाचं मूठभर पीठ राहतंच, आणि उकडीच्या मोदकाच्या तांदळात जर आधीच्या धने-जिऱ्याच्या भाजणीचा वास आला तर त्या बाईचा सगळा नैवेद्य गेला. म्हणून आमच्याकडे डब्यावर नुसतं नाव नसतं, चिठ्ठीवर काय दळायचं, जाड की बारीक, कशासाठी, हे सगळं लिहिलेलं असतं. लाडवाची डाळ रवाळ हवी, नाहीतर लाडू टाळूला चिकटतो. भाजणी फार बारीक झाली तरी चकली कडक होते. आणि दळण गरम बाहेर पडतं त्यामुळे पिशवीचं तोंड घरी जाऊन उघडं ठेवा, निवलं की मग डब्यात भरा, हे वाक्य मामा दिवसभर म्हणत असतात. मामा म्हणजे आमच्याकडे जातं सांभाळणारे, अण्णांच्या वेळेपासून आहेत, गिऱ्हाईकं पण त्यांना मामाच म्हणतात, आणि जात्याला टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून परत खरखरीत करायची, वेळ झाली हे त्यांना पीठ दोन बोटांत चोळून कळतं.

नवरात्रात वेगळीच गडबड. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एक जातं पूर्ण उघडून झाडून पुसून घ्यायचं आणि नऊ दिवस त्यावर फक्त उपवासाचं, म्हणजे राजगिरा, वरी, साबुदाणा, शिंगाडा, उपवासाची भाजणी. त्या जात्यावर चुकूनही गहू पडत नाही. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, स्वतः त्या जात्याशी बसतात, इतर दिवशी दुकानात फारशा येत नाहीत पण हे नऊ दिवस येतात, कारण लोक उपवासाचं दळण विश्वासावर देतात आणि त्या विश्वासाला कोणीतरी घरचं माणूस समोर असायला हवं असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. दसऱ्याला मोटर, जातं, वजनकाटा सगळ्यांची पूजा, झेंडूच्या माळा, दुपारपर्यंत शटर बंद. आणि एकादशीपासून भाजणी सुरू.

आता भाजणीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आमची वाटचाल खरं तर तिथेच वळली. आईंचं चकलीच्या भाजणीचं प्रमाण लक्षात ठेवायला एकदम सोपं आहे, प्रत्येक गोष्ट आधीच्या निम्मी. एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, आधपाव मूग डाळ. वर थोडे पोहे, मूठभर साबुदाणा, धने, जिरे. सांगायला सोपं, करायला दोन दिवस. तांदूळ धुवायचे, डाळी धुवायच्या, सुती कापडावर पसरून वाळवायच्या, मग एकेक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजायचा कारण सगळे एकत्र भाजले तर डाळ कच्ची आणि पोहे करपलेले. जास्त भाजलं तर पिठाचा चिकटपणा जातो आणि सोऱ्यातून चकली तुटत पडते. भाजल्यावर पूर्ण निवू द्यायचं, गरम दळायला आणलं तर वाफेने पीठ ओलसर होतं आणि गोळे धरतात. पूर्वी हे सगळं घरोघरी व्हायचं, गच्च्या होत्या, गॅलऱ्या होत्या, घरात दोन-तीन बायका होत्या. आता टू बीएचके मध्ये वाळवण घालायचं कुठे, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे आणि बाई सकाळी सात छप्पन्नची लोकल पकडते.

२०१९ ला तर दिवाळी आली तरी पाऊस जाईना. लोक ओलसर डाळी घेऊन यायला लागले, पंख्याखाली वाळवलंय म्हणायचे पण हातात घेतली की कळायचं, अशी डाळ जात्यात टाकली तर दगडाला लुगदी बसते. मामा परत पाठवायचे आणि बायका हिरमुसून जायच्या. तेव्हा आई म्हणाल्या की परत काय पाठवतोस, ठेवून घे, मी भाजते. आणि मागच्या खोलीत मोठी कढई चढली. आईंनी भाजायचं, मी पाखडायचं, मामांनी दळायचं. त्या दिवाळीला किती जणींची भाजणी झाली ते मोजलं नाही पण भाऊबीजेला लोक आपापल्या घरच्या चकल्या डब्यात घालून आईंना द्यायला आले, हे मात्र पक्कं आठवतंय, आणि मला वाटतं आमचा पुढचा धंदा त्या डब्यांनी ठरवला.

मग २०२०. लॉकडाऊनमध्ये पिठाच्या गिरण्या अत्यावश्यक म्हणून चालू होत्या, आणि त्या वर्षी जे पुरुष कधी गिरणीची पायरी चढले नव्हते ते डबे घेऊन यायला लागले. दिवाळी नोव्हेंबरमध्ये होती, बायकांना लोकलने जायची परवानगी २१ ऑक्टोबरला मिळाली होती पण तरी मावशी, आत्या, वहिनी एकमेकींकडे जाऊन फराळ करतात ते कुणाला जमणार नव्हतं. बाहेरचं खायची भीती होती ती वेगळीच. तर लोकांनी घरी करायचं ठरवलं, आणि ज्यांनी आयुष्यात चकली पाडली नव्हती त्यांचे फोन मला यायचे, चकली तेलात विरघळतेय काय करू. मोहन, म्हणजे पीठ भिजवताना घातलेलं तेल, जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. कडक होतेय? मोहन कमी पडलंय. बाहेरून लाल आणि आतून मऊ? तेल फार तापलंय, आच कमी करा. दिवसभर हेच.

तेव्हापासून आम्हाला प्रत्येकजण सांगतो की तुम्ही तयार चकल्याच का विकत नाही, एवढं सगळं हातात आहे, दोन बायका ठेवा, तळा आणि विका, पैसे त्यात आहेत. माझे मिस्टर पण एक वर्ष या मताचे होते. आम्ही घरात यावर खूप बोललो आणि नाही ठरवलं, आणि मला हा निर्णय आमच्या सगळ्या वाटचालीतला सगळ्यात बरोबर वाटतो. तयार चकली करणारे ठाण्यात खूप आहेत आणि चांगली करतात. पण आमच्याकडे जो माणूस येतो त्याला चकली नको असते, त्याला घरात चकली करायची असते. हे दोन वेगळे आहेत. शाळांना सुट्टी लागलेली असते, पोरं घरात उड्या मारत असतात, त्यांना सोऱ्याचा दांडा फिरवायला द्यायचा, आजीने बसून वेढे जोडायचे, बाबाने झारा धरायचा, आणि पहिला घाणा कसा झाला म्हणून सगळ्यांनी एकेक तुकडा तोडायचा. हा एक तास विकत मिळत नाही. न मिळणारा तास देण्यासाठी आधीचे दोन दिवस आम्ही आमच्याकडे घेतो, निवडणं, धुणं, वाळवणं, भाजणं, दळणं. पुढचं तुम्ही करा. आम्ही एवढंच विकतो.

याच विचाराने अनारशाचं पीठ सुरू केलं. ते सगळ्यात किचकट. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कापडावर पसरायचे आणि पूर्ण कोरडे व्हायच्या आत, हाताला दमट लागतात तोवर दळायचे. आमचं दगडी जातं दमट तांदूळ घेत नाही, म्हणून त्यासाठी वेगळं छोटं मशीन घेतलं, कर्ज काढून. चाळलं की किसलेला गूळ घालून गोळे करून ठेवायचे, चार-पाच दिवस तरी मुरायला हवेत. आम्ही गूळ मिसळून गोळाच देतो, घरी फक्त खसखशीवर थापायचं आणि खसखशीची बाजू वर ठेवून तळायचं, उलटायचं नाही.

पाकिटं भरायला लागलो तशी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी काढली. तेव्हाच्या नियमाने वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत म्हणून साधी नोंदणी मिळाली, वर्षाला १०० रुपये फी होती, आणि पाकिटावर १४ आकडी नंबर आला. अण्णांना हे बघून फार बरं वाटलं, पहिलं पाकीट त्यांनी देवापुढे ठेवलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं तेव्हा नाचणीच्या आणि ज्वारीच्या भाजणीची खूप विचारणा झाली, ती पण करतो, पण तांदूळ पूर्ण काढून टाकायला मी तयार होत नाही, खुसखुशीतपणा तांदळाचाच असतो.

जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्या आणि आमची निम्मी गिऱ्हाईकं घोडबंदर रोडला, कोलशेतला गेली. वाटलं संपलं आता. पण ती दिवाळीला येतातच, राम मारुती रोडला खरेदी, तलावपाळीला एक चक्कर आणि जाताना आमच्याकडून भाजणी, असा त्यांचा ठरलेला रविवार. काहींची मुलं अमेरिकेत. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची करमाफी काढली आणि त्या सुमारास टपालाने पार्सल जाणंही बंद होतं, तर कितीतरी आईवडिलांनी फराळ पाठवायचा बेत सोडून कोणी जाणारं गाठून किलोभर भाजणी दिली. व्हिडिओ कॉलवर आई इथून सांगतेय आणि मुलगा तिकडे चकल्या पाडतोय असे फोटो मला आले. ते फोटो मी आईंना मोठे करून दाखवते, त्यांना मोबाईलवर नीट दिसत नाही.

मुलांचं एक सांगायचं राहिलं. किल्ल्यासाठी गोणपाट लागतं, विटा आणि दगड रचून त्यावर गोणपाट आणि मग मातीचा लेप, आणि वर अळीव पेरायचे म्हणजे चार-पाच दिवसांत हिरवळ येते. अण्णांनी पहिल्यापासून सोसायट्यांतल्या मुलांना जुनी गोणपाटं फुकट दिली. आता धान्य बहुतेक प्लास्टिकच्या पोत्यात येतं, तागाची पोती कमी, म्हणून आम्ही वर्षभर ती झटकून माळ्यावर जपून ठेवतो. माझी मुलगी आठवीत आहे, वाटपाचं काम तिचं, आणि कोणाचा किल्ला कुठे आहे हे ती सगळे फिरून बघून येते.

आमच्या स्वतःच्या घरचा फराळ धनत्रयोदशीच्या रात्री. त्याच्या आधी शक्यच नाही. शटर खाली केलं की मामा सुद्धा वर येतात, मिस्टरांच्या भुवयांवर पीठ असतं, आई पाटावर बसून वेढे घालतात आणि मी तळते. लाडू जाऊबाई पुण्याहून आणतात. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं, कारीट फोडणं, आणि नऊ वाजता परत गिरणी, कारण कुणाचं तरी काहीतरी राहिलेलं असतंच. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा. पाडव्याला मात्र गिरणी बंद, हा नियम अण्णांचा आहे आणि तो आम्ही कधी मोडणार नाही. भाऊबीजेला मी डोंबिवलीला.

आता यंदाचं. चकलीची भाजणी आमच्याकडून भाजून हवी असेल तर दिवाळीच्या निदान आठ दिवस आधी सांगा, कढई एकच आहे आणि आई कोणाला घाई करू देत नाहीत. घरी भाजून आणत असाल तर पूर्ण निववून आणा, डब्यावर नाव आणि जाड-बारीक लिहा. अनारशाचा तांदूळ स्वतः भिजवणार असाल तर भिजत घालायच्या आधी एक फोन करा म्हणजे मशीनची वेळ ठरवता येईल, वसुबारसेच्या आठवडाभर आधीपर्यंत घेतो, त्यानंतर घेत नाही कारण पीठ मुरायला दिवसच उरत नाहीत. गोणपाट हवं असलेल्या मुलांनी संध्याकाळी पाचनंतर यावं, तेव्हा माझी लेक दुकानात असते.